गल्ल्यावरची तिसरी पिढी

महिना सुरू झाला की आपल्या घराघरांत किराण्याची यादी निघते. तुरीची डाळ, उडदाची डाळ, साखर, चहापत्ती, तेल, मीठ, मिरची, साबण. यादी घरातील बाई करते, पिशवी पोरगा उचलतो आणि पैसे नोकरीच्या पगारातून किंवा मजुरीतून जातात. ज्या दुकानातून आपल्या सासूने माल आणला, त्याच दुकानातून आज सून आणते. सासूच्या वेळी गल्ल्यावर आजोबा बसत होते, नंतर त्यांचा मुलगा बसू लागला आणि आता नातू बसतो. एका खणाचे दुकान तीन खणांचे झाले आणि दुकानावर माडी चढली. आपण मात्र तीन पिढ्या त्याच दुकानाचे गिऱ्हाईक राहिलो.

यात कोणाचा हेवा करण्याचे कारण नाही. कष्टाने उभे केलेले दुकान आदरासच पात्र आहे. परंतु घरचे किराणा दुकान पिढ्यान्‌पिढ्या वाढते कसे आणि आपल्या वस्तीत हौसेने काढलेले दुकान वर्षा-दोन वर्षांत का मिटते, याचा विचार आपण कधीतरी शांतपणे केला पाहिजे. हा प्रश्न पैशाचा आहे, तसाच तो स्वाभिमानाचाही आहे.

सावद्याचा बाजार

जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात सावदा हे जुन्या बाजारपेठेचे गाव आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. येथील नगरपालिका १८८३ सालची. त्या काळी कापूस, हरभरा, जवस आणि गहू हा इथला मुख्य व्यापार होता आणि आठवड्याच्या बाजारात निमाड व वऱ्हाडची जनावरे विकायला येत असत. आज सावदा म्हटले की डोळ्यांसमोर केळीच येते. रावेर, यावल, फैजपूर, सावदा या पट्ट्यातील केळी मालमोटारींतून आणि रेल्वेने उत्तरेकडे जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा गावातील किराणा दुकान केळीच्या हिशेबावर चालते. केळीचे पीक हाती यायला वर्ष लागते, कधी त्याहून अधिक. मृगबाग असो की कांदेबाग, घड कापून गाडी भरेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. तोवर घर चालते ते दुकानदाराच्या उधारीवर. घड कापणारा, डोक्यावरून वाहणारा आणि गाडी भरणारा मजूर मात्र आठवड्याच्या मजुरीवर जगतो आणि पाव किलो डाळ, शंभर ग्रॅम मिरची असा रोजचा माल नेतो. म्हणजे दुकानदाराला दोन प्रकारची गिऱ्हाइके सांभाळावी लागतात. एक वर्षाचे आणि एक दिवसाचे. पावसाळ्याच्या तोंडाशी वादळी वारा सुटला आणि उभ्या बागा आडव्या झाल्या की शेतकऱ्याबरोबर दुकानदाराची वहीही आडवी होते. मजुराचे काम जाते, त्याची रोकड थांबते. शेतकऱ्याची उधारी पुढच्या हंगामावर जाते. घाऊक व्यापाऱ्याचा तगादा मात्र थांबत नाही.

जे दुकान अशा दोन-तीन वाईट हंगामांतून निभावून जाते तेच पुढच्या पिढीच्या हाती येते. त्यासाठी गाठीला काही तरी राखून ठेवलेले असावे लागते. याकडे आपण पुढे वळू. त्याआधी आपल्या पूर्वजांचा आणि दुकानाचा संबंध कसा होता, ते आठवले पाहिजे.

दुकान जेव्हा शस्त्र होते

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने बहिष्काराचे वर्णन केले आहे. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावले की गावकरी त्यांचे काम तोडत, वहिवाटीचे रस्ते बंद करत आणि गावचा वाणी त्यांना जीवनावश्यक माल विकणे बंद करी. मीठ-मिरची बंद झाली म्हणजे चूल बंद झाली. लाठी न उगारता माणसाला गुडघ्यावर आणण्याचा हा मार्ग होता.

याच समितीच्या कामासाठी खान्देशचा भाग बाबासाहेबांकडे आला होता. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये ते एका गावातील सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी धुळ्यास गेले. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रह केला म्हणून ते तेथे उतरले. स्थानकावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा आपल्यातलाच घ्यावा लागला आणि त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. वाटेत अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. बहिष्काराची चौकशी करायला गेलेल्या माणसालाच बहिष्काराचा फटका बसला. सेवा किंवा माल विकणारा जर आपल्याकडे पाठ फिरवू शकत असेल, तर खिशात पैसे असूनही माणूस परावलंबी राहतो, हे या प्रसंगावरून ध्यानी यावे.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ही वाट बंद केली. कलम १५ प्रमाणे दुकानात जाण्यापासून कोणालाही जातीवरून अडवता येत नाही आणि कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदाही केला.

परंतु इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दुकानदाराने आपल्याला माल विकलाच पाहिजे, असे कायदा सांगू शकतो. गिऱ्हाइकाने आपल्याच दुकानातून माल घ्यावा, असे मात्र जगातला कोणताही कायदा सांगू शकत नाही. गिऱ्हाईक मिळवावेच लागते. बाबासाहेबांनाही याचा अनुभव आला. १९१७ नंतर मुंबईत त्यांनी व्यापाऱ्यांना शेअर व गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो अर्थतज्ज्ञ. सल्ल्यात उणे काहीच नव्हते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद करावा लागला.

म्हणून आपल्या माणसाने दुकान टाकणे हे साधे काम नाही. ज्या ओट्याखाली उभे राहून आपल्या आजीने पदर पुढे केला, त्या ओट्यावर बसणे आहे. तिथे टिकायचे तर व्यवसायाची विद्या शिकली पाहिजे आणि ही विद्या जिथे दिसेल तिथून घेतली पाहिजे.

गिरगावातील एक उदाहरण

महाराष्ट्रात घरच्या किराणा दुकानातून उभा राहिलेला सर्वांच्या परिचयाचा उद्योग म्हणजे बेडेकर. १९१० साली विश्वनाथ परशराम बेडेकर यांनी मुंबईच्या गिरगावात किराण्याचे छोटे दुकान सुरू केले. डाळ, तांदूळ, मिरची, हळद असा इतर कोणीही विकेल असाच त्यांचा माल होता. १९१७ मध्ये त्यांचे चिरंजीव वासुदेव यांनी दुकानात तयार मसाले आणि लोणची विकायला आरंभ केला. १९४३ मध्ये व्यवसायाची खाजगी मर्यादित कंपनी झाली. बापाचे दुकान, मुलाचा मसाला आणि पुढे घराण्याची कंपनी अशा या पायऱ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे ते नाव आजही लोणच्याच्या बरणीवर वाचायला मिळते.

यात शिकण्यासारखे काय आहे? मुलाने बापाचे दुकान मोडून नवे काही काढले नाही आणि बापाने केले तेवढेच करीतही तो बसला नाही. दुकानातील मिरची, मोहरी, हळद, हिंग हाच कच्चा माल होता. त्यावर त्याने घरचे कसब चढवले. गिरगाव म्हणजे चाळींची वस्ती. एका खोलीत संसार, कुटायला-भाजायला जागा नाही, नोकरदार माणसाला सवड नाही. गिऱ्हाईक माल घेऊन घरी गेल्यावर त्याला कोणता त्रास होतो, हे ज्याने ओळखले त्याचे दुकान वाढले. सुटी मिरची विकणाऱ्याला दुसरा मिरचीवाला स्पर्धक होतो. पण आपल्या हाताच्या चवीला सहजासहजी स्पर्धक मिळत नाही.

पुण्यात १९६२ साली हुकमीचंद चोरडिया आणि त्यांच्या पत्नी कमलबाई यांनी सुरू केलेला ‘प्रवीण मसालेवाले’ हा उद्योगही असाच घरच्या मसाल्यातून वर आला. मसाला घरातील स्त्रीच्या हातचा होता, हे आपल्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, त्यांच्या हातचे लोणचे त्या काळी सारे गाव खात होते, आमच्या हातचे कोण खाल्ले असते? हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९१७ साली आपल्या बापजाद्यांनी लोणच्याची बरणी मांडली असती तर तिला कोणी शिवले नसते. सात पिढ्यांचे भांडवल, आडतीवरची ओळख, सोयऱ्यांची पेढी यांतले काहीच आपल्यापाशी नव्हते. शर्यतीत आपण उशिरा उतरलो कारण आपल्याला उतरूच दिले नव्हते. पण आज पाकीटबंद मालावर विकणाऱ्याची जात लिहिलेली नसते. वजन, दर, तारीख आणि चव एवढेच गिऱ्हाईक पाहते. खान्देशच्या घराघरांत कळण्याचे पीठ, बिबडे, उडदाचे पापड, काळा मसाला, केळीचे वेफर्स करणाऱ्या सुगरणी आहेत. त्यांचे कसब हेच दुकानाचे पहिले भांडवल होऊ शकते.

शेरापासून मोबाइलपर्यंत

किराणा दुकानाच्या तीन पिढ्यांना तीन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागल्या.

पहिल्या पिढीचे दुकान शेर-मणाचे होते. चाळीस शेरांचा मण, म्हणजे आजचे सदतीस किलो आणि थोडे वर. रुपयाचे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. जुनी वजने टाकून नवी घ्यावी लागली आणि आण्यात पाठ असलेले पाढे पैशात मोजावे लागले. गिऱ्हाइकाला शेर आणि किलो यांतला फरक समजावून देणारा दुकानदार टिकला. फरकाचा फायदा उठवणाऱ्यावर लोकांनी पुन्हा विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला. धान्य दुर्मिळ झाले, रेशनवर परदेशची मिलो ज्वारी आली. मजुराकडे रोकड नव्हती आणि दुकानात माल नव्हता. पुढे पाकिटांचा जमाना आला. १९८३ मध्ये टाटांचे पाकीटबंद मीठ बाजारात आले, धुण्याच्या पावडरी आल्या, दूरदर्शनवर जाहिराती लागल्या. तोवर दुकानदार सांगेल तो माल गिऱ्हाईक घेत होते. आता गिऱ्हाईक नाव घेऊन माल मागू लागले. पाकिटावर किंमत छापलेली असल्याने दुकानदाराचा नफाही कंपनी ठरवू लागली. कागदाची पुडी बांधून दोरा गुंडाळण्याची कला हळूहळू मागे पडली.

तिसऱ्या पिढीपुढे आणखी वेगळे प्रश्न आहेत. २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिले डी-मार्ट उघडले आणि पुढे मोठ्या दालनांचे जाळे पसरले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, मोबाइलवरून पैसे देणे सुरू झाले. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा सारे बंद असताना किराणा दुकाने जीवनावश्यक म्हणून चालू होती. ज्या दुकानदाराने फोनवर यादी घेऊन दारात माल पोचवला, त्याला लोक विसरले नाहीत.

मोठ्या दालनाला एकगठ्ठा खरेदीमुळे माल स्वस्तात पडतो. दरात त्याच्याशी झुंजणे लहान दुकानदाराला जमत नाही. पण दालन पाच रुपयांची हळद देत नाही, रात्री नऊ वाजता दार वाजवले तर उघडत नाही आणि गिऱ्हाइकाच्या घरी आजारी कोण आहे हे त्याला ठाऊक नसते. लहान दुकानाची ताकद ओळखीत आहे आणि ओळख वापरण्याची जागा म्हणजे उधारी.

उधारीची वही

आपल्या वस्तीतील दुकान बहुधा या वहीतच बुडते. एक साधा हिशेब मांडून पाहू.

समजा, वस्तीतील दुकानात महिन्याला साठ हजारांची विक्री होते आणि शेकडा दहा सुटतात. म्हणजे सहा हजार रुपये. दुकानाचे भाडे, वीज, हमाली यांत दीड हजार गेले. उरले साडेचार हजार. आता पंधरा घरांकडे प्रत्येकी तीन हजारांची उधारी थकली, तर पंचेचाळीस हजार रुपये अडकले. ही दुकानाची दहा महिन्यांची निव्वळ मिळकत झाली! घाऊक व्यापाऱ्याला द्यायला पैसा उरत नाही, तो माल थांबवतो, फळ्या रिकाम्या दिसू लागतात आणि रोकड देणारे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मग दुकानात उधारीवालेच उरतात.

दुसरी गळती घरातच असते. स्वतःच्या घरात गेलेला माल कोणी वहीत लिहीत नाही. तेल संपले, गल्ल्यामागून पिशवी उचलली. पाहुणे आले, साखर नेली. महिन्याला तीन हजारांचा माल असा गेला तर साडेचार हजारांतले दीड हजारच हाती राहतात आणि दुकानात ‘बरकत’ नाही म्हणून आपण नशिबाला दोष देतो. जुन्या व्यापारी घरांत मालकाच्या स्वयंपाकघरात गेलेला मालही खर्ची लिहिण्याची शिस्त असते. ती शिस्त आपण उचलावी.

उधारी अजिबात देऊ नये, असे म्हणणे सोपे आहे पण केळीच्या पट्ट्यात ते चालणार नाही. उधारीला मर्यादा असावी. ज्याची आठवड्याची मजुरी आहे त्याची उधारी आठवड्याची, ज्याचा पगार आहे त्याची महिन्याची. मागची फिटल्याशिवाय पुढची नाही. लिहिलेले गिऱ्हाइकाला वाचून दाखवावे आणि त्याच्याकडेही एक छोटी वही द्यावी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या वहीत एक रुपयाही वाढवू नये. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कागद जाळले. त्यांपैकी कित्येक सावकार दुकानेही चालवत होते. खोट्या वहीची आग कुठवर जाते, हे तेव्हा दिसले. ज्या वहीने आपल्या आजोबांना लुबाडले, तशी वही आपल्या हाताने लिहिली जाऊ नये.

बुद्धांनी सांगितलेला दुकानदार

बुद्ध धम्म संसारी माणसाला व्यवसायाबद्दल काय सांगतो, असे कोणी विचारले तर अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्त दाखवावे. पापणिक म्हणजे दुकानदार. जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात लक्ष घालत नाही, त्याची संपत्ती वाढत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्यापुढील सुत्तात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण दिले आहेत. त्याला डोळे असतात, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला तर किती सुटेल, हे त्याला दिसते. तो खरेदी-विक्रीत चतुर असतो. आणि त्याला आधार असतो, म्हणजे हा माणूस बायको-मुलांना पोसून आपले पैसे वेळच्या वेळी फेडील, असा विश्वास पैसेवाल्यांना वाटतो आणि ते त्याला भांडवल देतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या बँकेच्या अधिकाऱ्यालाही मान्य व्हावा असा आहे.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. आपल्या वरील उदाहरणातील साडेचार हजारांत हे बसवणे कठीण आहे, कारण अकराशे-बाराशे रुपयांत घर चालत नाही. म्हणून पहिल्या पिढीने एक युक्ती करावी. घरात दुसरी मिळकत, मग ती नोकरीची असो की मजुरीची, चालू असेपर्यंत दुकानाची कमाई दुकानातच राहू द्यावी. पन्नास हजारांचा माल महिन्यात एकदा विकला गेला तर पाच हजार सुटतील, तोच दोनदा फिरला तर दहा हजार. भांडवल फिरत राहिले की दुकान आपल्याच पायांवर वाढते. चौथा भाग वेगळ्या खात्यात ठेवावा. वादळाने बागा आडव्या झाल्या त्या वर्षी दुकान त्याच्यावर तरते.

आणखी एक. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धवचन आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी सुटा नफा दिसतो म्हणून काही जण चोरून पुड्या ठेवतात. आपल्या वस्तीतील पोरांच्या तोंडात विष घालून मिळवलेला पैसा आपल्या गल्ल्यात नको.

शिकलेला मुलगा आणि दुकान

आता सर्वांत अवघड प्रश्न. बाबासाहेबांनी शिकण्याचा संदेश दिला आणि आपला समाज शिकला. शिक्षणातून नोकऱ्या आल्या, घरे उभी राहिली. हे वैभव त्यातूनच आले. पण यातून एक समजूतही रुजली की शिकलेल्या मुलाने खुर्चीवरच बसावे आणि तराजू हाती घेतला तर शिक्षण वाया गेले. बाप दहा-पंधरा वर्षे खपून दुकान उभे करतो, मुलगा पदवी घेतो आणि ‘मी काय पुड्या बांधू?’ म्हणतो. बाप थकला की दुकान बंद होते. दुसरी पिढीच गल्ल्यावर येत नाही, मग तिसरी कुठून यावी?

आज सरकारी नोकऱ्यांची दारे पूर्वीसारखी उघडी नाहीत, हे प्रत्येक घराला माहीत आहे. पदवीधर मुले स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत वर्षामागून वर्षे घालवत आहेत. आणि दुकानाला तर शिकलेल्या माणसाचीच गरज आहे. जीएसटीचा हिशेब, अन्न सुरक्षेची नोंदणी, मालावरील तारखा, बँकेचे व्यवहार, फोनवरील मागण्या ही कामे शिकलेल्याचीच. बापाच्या हाती ओळख आहे आणि मुलाच्या हाती हिशेब. दोन्ही एकत्र आले तर दुकान वाढते.

पण त्यासाठी बापानेही काही सोडावे लागते. पंचवीस वर्षांच्या मुलाला गल्ल्याची किल्ली द्यायची नाही, खरेदीचा निर्णय घेऊ द्यायचा नाही, महिन्याला हातखर्चाचे पैसे टेकवायचे आणि मग ‘पोराला दुकानात रस नाही’ म्हणून तक्रार करायची, हे योग्य नव्हे. मुलाला ठरलेला पगार द्यावा, एक खाते, उदाहरणार्थ मसाल्याचे, पूर्णपणे त्याच्यावर सोपवावे. नुकसान झाले तरी शिकवणी समजून सोसावे. बेडेकरांच्या घरी १९१७ साली मुलाला नवे काही करू दिले नसते तर ते दुकान कदाचित गिरगावातल्या इतर दुकानांसारखेच राहिले असते.

गल्ल्यावर मुलगीही

आणि हे सारे मुलापुरतेच का बोलायचे? घरच्या दुकानात धान्य निवडणे, मिरची कांडणे, पुड्या भरणे, दुपारी नवरा जेवायला गेला की गल्ला सांभाळणे ही कामे बाईच करते. पण पाटीवर ‘अँड सन्स’ लिहिले जाते. तिच्या कामाला पगार नसतो आणि वाटणीच्या वेळी तिचे नाव आठवत नाही.

हिंदू वारसा कायदा १९५६ हा कायद्याने बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत विधवा, आई, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांच्या घरात तरी मुलीला दुकानाचा हक्क मागावा लागू नये. वाटणीवरून भांडण होऊन दुकानाच्या मधोमध भिंत घालण्यापेक्षा वडिलांनी हयातीतच कोण चालवणार आणि कोणाला किती, हे कागदावर लिहून ठेवावे. पुष्कळ दुकाने स्पर्धेने बुडत नाहीत, भावाभावांच्या भिंतीने बुडतात.

भांडवलासाठी आज काही दारे आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, मुद्रा योजना २०१५ मध्ये आली, अनुसूचित जाती-जमाती व महिला उद्योजकांसाठी २०१६ ते २०२५ या काळात स्टँड अप इंडिया योजनाही होती. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या ‘डिक्की’ने दलित उद्योजकांना एकमेकांशी जोडण्याचे काम केले. कर्ज मिळणे अवघड असते, परंतु कर्ज मिळाल्यावर ते फिरवणे त्याहून अवघड. वही स्वच्छ असेल तर दोन्ही जमते.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, पुढच्या महिन्यात किराण्याची यादी कराल तेव्हा तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. आपल्या वस्तीतील शंभर घरांच्या याद्या एकत्र केल्या तर महिन्याला किती रुपये होतात, याची बेरीज मुलांकडून करून घ्या. तो पैसा आपल्याच हातून जातो. वस्तीत कोणी दुकान टाकले असेल तर फुकटची उधारी मागून त्याला बुडवू नका, रोख देऊन त्याला उभे करा. आणि त्यानेही आपलेपणाच्या नावाखाली कमी वजन व शिळा माल देऊ नये. तराजू दोन्ही बाजूंनी सरळ राहिला, तर आज त्या दुकानात पुड्या बांधणाऱ्या बाईची नात एक दिवस त्याच गल्ल्यावर मालकीण म्हणून बसेल.